मण्यारचा दंश, पेशंटचा फोटो आणि परवानगी

रात्रपाळी
‘पेशंटचे फोटो दाखवून शिकवणं म्हणजे उथळपणा, पुस्तकं आहेत ना,’ असं काल एकाने इथे लिहिलं. ते वाचल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. परदेशी पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे. सावळ्या अंगावर उठलेल्या गांधी कशा दिसतात, ओठ काळेनिळे पडलेले कसे ओळखायचे, हे त्यांत कुठे सापडणार?

मण्यारच घ्या. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून येतो. सूज नाही, आग नाही, दंशाची खूण शोधूनही मिळत नाही. नवखा डॉक्टर ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतो. मग पापण्या उतरतात, थुंकी गिळवत नाही आणि शेवटी श्वास अडकतो. ‘वर बघा’ म्हटल्यावर कपाळाला आठ्या पडतात पण पापणी उचलत नाही, हे ज्या इंटर्नने फोटोत नीट पाहिलंय तो त्या पेशंटला घरी पाठवणार नाही. आणि ‘ओळख लपवायला डोळ्यांवर काळी पट्टी मारा’ म्हणणाऱ्यांनो, पापणीच शिकवायची असेल तर पट्टी कुठे मारू?

माहेरवाशीण
माझ्या आईला फुरसं चावलं होतं. हात कोपरापर्यंत सुजला, फोड आले. फोटोत तोंड नव्हतं, पण मनगटावर गोंदण होतं, तुळशीवृंदावन आणि खाली नाव. आई दवाखान्यातून सुटायच्या आधी तो हात गावच्या ग्रुपवर फिरत होता. विचारलं तर म्हणे शिकवण्यासाठी काढला होता. उपचाराच्या कागदावर अंगठा घेतला म्हणजे फोटोलाही होकार मिळाला का?

रात्रपाळी
झालं ते वाईटच. पण ती एका माणसाची बेपर्वाई. तेवढ्यावरून शिकवणंच बंद करायचं?

माहेरवाशीण
‘एका माणसाची’ म्हणू नका. स्वतःच्या मोबाइलवर काढायचा, तो आपोआप क्लाउडवर जातो, मग बॅचच्या ग्रुपवर. हे तुम्ही सगळेच करता.

जुना एमडी
महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशात प्रॅझोसिन हे औषध रुजवलं ते पेशंटच्या उशाशी बसून. दरदरून घाम, गार हातपाय, नाडी, हे हाताला कळतं. तुमची पोरं स्क्रीनवर बोटं फिरवतात आणि नाडीला हात लावत नाहीत.

सर्पमित्र कोकण
माणसाचा फोटो हवाच कशाला, सापाचा काढा! परवाच एकाने बिनविषारी कवड्याला मण्यार समजून मारला. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारचे उलट. हे शिकवा आधी.

रात्रपाळी
कृपा करून लोकांना सापामागे धावायला लावू नका. फोटोच्या नादात दुसरा दंश होतो, वेळ जातो तो वेगळाच. आपली सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांवर एकच. उपचार लक्षणांवर ठरतो. रक्त 20 मिनिटं काचेच्या नळीत ठेवलं आणि गोठलं नाही, म्हणजे विष रक्तात भिनलंय, तर साप कोणता हे विचारत बसायचं नसतं.

सर्पमित्र कोकण
आणि चापडा, तो झाडावरचा विषारी साप, चावला तर? घाटात, आमच्याकडे बागांमध्ये असतो. त्याच्यावर ही लस चालत नाही, रिॲक्शन मात्र येऊ शकते. लांबून काढलेला एक फोटो असता तर उगाच बाटल्या चढल्या नसत्या. एसी वॉर्डात बसून सापांबद्दल बोलू नका.

रात्रपाळी
एसी? आमच्या कॅज्युअल्टीत पंखा चालू असला तरी नशीब. चापड्याचं मान्य. लांबून आणि आपसूक मिळाला तर फोटो घ्या. पण शोधायला जायचं नाही, यावरून मी हलणार नाही.

सिस्टर
सापावरच किती वेळ? मुद्दा परवानगीचा होता. व्हेंटिलेटरवरचा माणूस होकार देऊ शकत नाही. आमच्याकडे नातेवाइकांना विचारून फोटो वॉर्डच्या कॅमेऱ्यावर काढतात, पेशंट शुद्धीवर आला की त्याला दाखवून पुन्हा विचारतात. ‘नको’ म्हणाला तर त्याच्यासमोर पुसायचा. ‘नको’ म्हणणारे फार थोडे भेटले.

माहेरवाशीण
असं विचारलं असतं तर आईने दिला असता फोटो, एवढं कबूल करते. पण गोंदण झाकूनच. आणि मोबाइलवर काढणाऱ्याला नोटीस गेली पाहिजे, मग तो कितीही चांगला शिकवत असो.

रात्रपाळी
नोटीस द्या, माझी हरकत नाही. पण मग प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला वॉर्डचा कॅमेराही द्या. तो नसताना नुसती बंदी घातलीत, तर पापणी न ओळखणारा डॉक्टर पहाटेच्या ड्युटीवर तुमच्याच तालुक्यात बसलेला असेल.