कम्युनिटी कॉलेजची युनिट युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होतात, पण पदवीत धरली जातात का?

प्रश्न (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया येथील पालक)

नमस्कार. माझी मुलगी बे एरियातील एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे युनिव्हर्सिटीआधीच्या दोन वर्षांच्या कॉलेजात, शिकते. पुढच्या वर्षी फॉल सत्रात युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे यूसीच्या, एखाद्या कॅम्पसवर मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जाण्याची तिची इच्छा आहे. तिच्या कॉलेजात क्वार्टर पद्धत (वर्षात तीन छोटी सत्रे) आहे आणि आजवर तिच्या खात्यावर ६२ युनिट, म्हणजे क्रेडिट, जमा आहेत. त्यांपैकी प्रत्येक कोर्ससमोर 'यूसीला ट्रान्सफर होणारा' अशी नोंद असल्यामुळे यूसीत ट्रान्सफर होण्यासाठीची ६० युनिटांची अट आपण ओलांडली, असे ती मानते.

मला मात्र धास्ती वाटते, कारण तिच्या ओळखीच्या एका मुलाची सगळी युनिट युनिव्हर्सिटीने स्वीकारली आणि तरीही त्याला आणखी तीन वर्षे शिकावे लागणार आहे. स्वीकारलेली युनिट पदवीसाठी उपयोगी पडत नाहीत, असे कसे होते? शिवाय फिजिक्सच्या मालिकेतला पुढचा कोर्स उन्हाळ्यात जवळच्या दुसऱ्या कॉलेजात करावा असा तिचा विचार आहे. तिथे सेमिस्टर पद्धत (वर्षात दोन लांब सत्रे) आहे. केमिस्ट्रीत तिला एकदा 'डी' ग्रेड मिळाली आहे, तिचे काय करावे? आणि जनरल एज्युकेशनचे, म्हणजे सर्व शाखांना सामाईक असलेले, विषय आधी संपवावेत की नाही, यावर घरात एकमत होत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ (ट्रान्सफर विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारे)

आपल्या प्रश्नाचे मर्म 'ट्रान्सफर होणे' आणि 'पदवीत धरले जाणे' या दोन गोष्टींमधल्या फरकात आहे. एखादा कोर्स यूसीला ट्रान्सफर होतो म्हणजे त्याची युनिट युनिव्हर्सिटीच्या नोंदीत येतात, एवढेच. ती इंजिनिअरिंगच्या कोणत्या अनिवार्य विषयाची जागा घेतात, हे प्रत्येक कॅम्पस आणि प्रत्येक मेजर (पदवीचा मुख्य विषय) वेगळे ठरवतो. ज्यांना अशी जागा सापडत नाही ती युनिट इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) म्हणून पडून राहतात, आणि इंजिनिअरिंगच्या पदवीत मोकळ्या इलेक्टिव्हना फारशी जागाच नसते. त्या मुलाच्या बाबतीत बहुधा हेच घडले असावे.

६० चा हिशेबही तपासून घ्या, कारण ती संख्या सेमिस्टर युनिटांची आहे. क्वार्टरच्या युनिटांना दोन तृतीयांशाने गुणले की सेमिस्टर युनिट मिळतात, म्हणजे आपल्या मुलीची ६२ युनिट सुमारे ४१ भरतात. तिच्यासाठी अट ९० क्वार्टर युनिटांची आहे आणि फॉलमध्ये जायचे असेल तर त्याआधीच्या स्प्रिंगअखेर ती पूर्ण व्हावी लागतात. अजून २८ हवीत. वेळ आहे, पण ही २८ कोणती असावीत यावर सगळे अवलंबून आहे.

त्यासाठी असिस्ट या कोर्सांची तुल्यता दाखवणाऱ्या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन तिचे कॉलेज, हवा तो कॅम्पस आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंग हे मेजर निवडा. समोर दोन रकाने येतील. डावीकडे युनिव्हर्सिटीला हवा असलेला कोर्स असतो आणि उजवीकडे त्याच्या तोडीचा कॉलेजचा कोर्स. उजवा रकाना अगदी सावकाश वाचावा. कित्येकदा तिथे दोन किंवा तीन कोर्स 'आणि' या शब्दाने जोडलेले असतात, म्हणजे ते सगळे मिळून युनिव्हर्सिटीच्या एका कोर्सची बरोबरी करतात. त्यांतला एकच केला असेल तर त्या ओळीसाठी त्याचा काहीही उपयोग होत नाही. काही ओळींत तोडीचा कोर्स नाही असे स्पष्ट लिहिलेले असते, तेव्हा तो विषय दुसऱ्या कॉलेजात करता येतो का किंवा ट्रान्सफरनंतर करावा लागेल का, हे विचारून घ्यावे.

फिजिक्सबद्दल माझा आग्रह असा की मालिका सुरू केली त्याच कॉलेजात संपवावी. क्वार्टरच्या कॉलेजात तीन-चार कोर्सांत विभागलेला अभ्यासक्रम सेमिस्टरच्या कॉलेजात दोन-तीन कोर्सांत बसवलेला असतो, त्यामुळे एकीकडचा पहिला कोर्स जिथे संपतो तिथे दुसरीकडचा दुसरा सुरू होईलच असे नाही. मधले काही धडे राहून जातात, काही दोनदा होतात, आणि 'आणि' ने जोडलेली ओळ अर्धीच भरते. उन्हाळ्यात बाहेर काही करायचेच असेल तर इंग्रजी लेखनासारखा स्वतंत्र कोर्स करावा.

'डी' मिळालेला केमिस्ट्रीचा कोर्स पुन्हा करावा. यूसी प्रवेशासाठी ग्रेडची सरासरी काढताना पुन्हा मिळवलेली ग्रेड धरते, आणि मेजरच्या तयारीचा कोर्स 'सी' पेक्षा खालच्या ग्रेडवर सहसा मान्य होत नाही. राज्यातील रहिवाशांसाठी किमान सरासरी (४ पैकी) २.४ आहे, पण ती केवळ अर्ज करण्याची पात्रता आहे. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी यापेक्षा पुष्कळ वर असते.

उत्तर २ (इर्व्हाइन, दोन मुलांचे ट्रान्सफर पाहिलेली आई)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, तरी जनरल एज्युकेशनबद्दल थोडे अधिक सांगावेसे वाटते. २०२५ च्या फॉलपासून यूसी आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या दोन्हींसाठी कॅल-गेटसी हा ३४ सेमिस्टर युनिटांचा एकच सामाईक आराखडा लागू झाला आहे, आणि कॉलेजचे काउन्सेलर बहुतेक मुलांना तो आधी पूर्ण करायला सांगतात. इतिहास, समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्राकडे जाणाऱ्यांना, आणि ज्यांचे मेजर अजून ठरलेले नाही त्यांना तर नक्कीच, हा सल्ला योग्य आहे. इंजिनिअरिंगचे तसे नाही. तिथे प्रवेश देताना कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री आणि प्रोग्रॅमिंग किती झाले आहे हे पाहतात. सगळे जनरल एज्युकेशन संपवून आलेल्या पण फिजिक्स अर्धवट ठेवलेल्या विद्यार्थ्याचा अर्ज मागे पडतो, हे मी जवळून पाहिले आहे. इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स मात्र यूसीच्या किमान अटीतच आहेत, ते टाळता येत नाहीत.

दुसरी गोष्ट हमीची. डेव्हिस, इर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस टॅग नावाची प्रवेशाची हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो तिच्यात नाहीत. सहांपैकी एकाच कॅम्पससाठी सप्टेंबर महिन्यात वेगळा अर्ज करावा लागतो, आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात नेहमीचा यूसी अर्जही भरावाच लागतो. काही कॅम्पसनी ठरावीक मेजर हमीतून वगळलेले असतात आणि त्यांत इंजिनिअरिंग व कॉम्प्युटर सायन्स बऱ्याचदा असतात, म्हणून त्या वर्षीचा तक्ता पाहूनच कॅम्पस निवडावा.

अक्षरी ग्रेडऐवजी मिळणाऱ्या नुसत्या 'पास' ग्रेडपासूनही सावध राहा. यूसी १४ सेमिस्टर, म्हणजे २१ क्वार्टर युनिटांपर्यंत 'पास' स्वीकारते, पण कॅल्क्युलस किंवा फिजिक्सला अक्षरी ग्रेडच असावी. मुलांना सरासरी वाचवण्याचा तो सोपा मार्ग वाटतो आणि नेमका मेजरच्या विषयात घात होतो.

उत्तर ३ (फ्लोरिडा)

हा धागा दुसऱ्या राज्यांतले पालकही वाचत असतील म्हणून लिहितो. वरचे सर्व नियम कॅलिफोर्नियाच्या सरकारी व्यवस्थेचे आहेत. आमच्याकडे राज्यभर कोर्सांचे क्रमांक सामाईक आहेत, आणि फ्लोरिडाच्या कॉलेजातून ६० क्रेडिटांची असोसिएट इन आर्ट्स ही दोन वर्षांची पदवी घेतली की राज्याच्या कोणत्यातरी सरकारी युनिव्हर्सिटीत जागेची हमी मिळते. परंतु 'कोणत्यातरी' हा शब्द नीट लक्षात घ्यावा. हवी ती युनिव्हर्सिटी किंवा हवे ते मेजर मिळेलच, असे ती हमी सांगत नाही.

राज्याची हद्द ओलांडली, किंवा खाजगी युनिव्हर्सिटीत जायचे असले, की असे करार बहुधा लागू होत नाहीत आणि प्रत्येक कोर्स तिथला विभाग स्वतंत्रपणे तपासतो. अशा वेळी ट्रान्स्क्रिप्टवरचे (गुणपत्रिकेवरचे) कोर्सचे नाव पुरत नाही. कोणते पुस्तक वापरले, प्रत्येक आठवड्याला काय शिकवले, प्रयोगशाळेचे तास किती होते, हे सगळे सिलॅबसमधूनच कळते. म्हणून प्रत्येक सत्राचा सिलॅबस त्या सत्रातच उतरवून जपून ठेवावा. प्राध्यापक कॉलेज सोडून गेल्यावर तो मिळवताना फार यातायात होते. गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेच्या २०१७ च्या अहवालानुसार २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी सुमारे ४३ टक्के क्रेडिट वाया गेली. त्यात सर्व प्रकारची कॉलेजे धरलेली आहेत, तरी या आकड्यामागे किती कुटुंबांचे पैसे आणि वर्षे गेली असतील, याचा विचार केला की वाईट वाटते.

मूळ प्रश्नकर्ती

आपण सर्वांनी इतक्या तपशिलात सांगितल्याबद्दल मनापासून आभार. काल आम्ही दोघींनी असिस्टवर तीन कॅम्पसचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले. तिने घेतलेला स्टॅटिस्टिक्सचा कोर्स तिन्हींपैकी एकाही तक्त्यात नाही, आणि फिजिक्सची ओळ खरोखरच 'आणि' ने जोडलेली आहे. उन्हाळ्यातील फिजिक्सचा बेत आता रद्द केला आहे. एक शंका उरते. अर्जात विंटर आणि स्प्रिंगचे नियोजित कोर्स लिहायचे असतात, पण पुरेसे विद्यार्थी नसल्यामुळे कॉलेजने एखादा कोर्स ऐनवेळी रद्द केला तर काय करावे?

उत्तर १ (पुन्हा)

सर्वप्रथम तोच कोर्स दुसऱ्या वेळेला किंवा ऑनलाइन उपलब्ध आहे का ते पाहावे. नसेल तर झालेला बदल आणि त्याचे कारण युनिव्हर्सिटीला लगेच कळवावे. अर्ज भरल्यानंतर, जानेवारीअखेरपर्यंत, ट्रान्सफर अकॅडमिक अपडेट नावाचा फॉर्म भरायचा असतो. त्यात फॉलच्या ग्रेड आणि पुढच्या सत्रांचे बदललेले कोर्स दोन्ही नोंदवता येतात. त्यानंतर काही बदलले, तर ज्या कॅम्पसवर अर्ज केला आहे त्यांच्या पोर्टलवर प्रत्येक ठिकाणी वेगळे कळवावे लागते. प्रवेश सशर्त असतो आणि उन्हाळ्यात अंतिम ट्रान्स्क्रिप्ट अर्जाशी ताडून पाहिले जाते, तेव्हा न कळवलेला बदल आढळल्यास दिलेला प्रवेश मागे घेतला जाऊ शकतो. रद्द झालेला कोर्स मेजरच्या अनिवार्य यादीतला असेल, तर त्यासाठी मात्र लगतच्या कॉलेजात त्याच सत्रात जागा शोधावी, आणि नाव नोंदवण्यापूर्वी त्या दुसऱ्या कॉलेजचा असिस्टवरील तक्ता उघडून तो कोर्स उजव्या रकान्यात एकटा आहे की जोडलेला, हे पाहून घ्यावे.