मदत हवी आहे : 'मिठात' असलेल्या पणजोबांचा माग कुठे लागेल?

सुरंगी

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात एक वाक्य लहानपणापासून ऐकत आले आहे, "पणजो मिठात होतो." आम्ही सगळे धरून चाललो होतो की शिरोड्याला त्यांचं एखादं मिठागर असणार. आजी गेली, बाबा गेले, विचारायला कोणी उरलं नाही.

यंदा मे महिन्यात वेंगुर्ल्याचं जुनं घर उतरवायला घेतलं. माळ्यावरच्या पेटाऱ्यात एक पितळी बिल्ला निघाला, पट्ट्यावर लावायचा. मधोमध १०७ हा आकडा आणि भोवती झिजलेली इंग्रजी अक्षरं. त्यातलं 'सॉल्ट' तेवढं नीट लागतं. म्हणजे पणजोबा आगरवाले नव्हते, सरकारी मीठखात्यात शिपाई होते.

बिल्ल्याखाली दोन मोडी कागद होते. त्यातला एक माझ्या मोडीच्या वर्गातल्या बाईंनी वाचून दिला. भावाला लिहिलेलं पत्र आहे, माघ शके १८०९, 'मुक्काम आगरवाडा, महाल पेडणें'. पत्रात लिहिलंय की रजा मिळत नाही, नाक्यावरची दोन माणसं तापाने पडली आहेत, चौघांचा पहारा दोघांवर आला आहे. दरमहा ७ रुपयांत निभत नाही, तांदूळ पाठवावे. आणि 'नवा दर आल्यापासोन' रात्री डोळा लागू देत नाहीत. हे वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं.

मला कळत नाही ते हे, की पेडणे तर तेव्हा पोर्तुगिजांकडे होतं. मग इंग्रज सरकारचा शिपाई तिथे पहारा कसा करत होता? आणि अशा शिपायाचं नाव कुठल्या दप्तरात सापडेल? छापील नोकरयाद्या पाहिल्या, त्यात फक्त साहेबलोक आहेत.

गलबत

सुरंगीताई, पत्र जपून ठेवा, फार मोलाचं आहे. त्यातला ठिकाणाचा उल्लेख अगदी बरोबर आहे.

२६ डिसेंबर १८७८ ला इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात लिस्बनला करार झाला. १८८० च्या जानेवारीपासून तो लागू झाला आणि बारा वर्षं चालला. गोवा आणि ब्रिटिश हद्द यांच्यातली जकात उठली, आणि बदल्यात गोव्यातल्या मिठाचा ताबा इंग्रजांकडे आला. त्यापोटी ते पोर्तुगीज सरकारला दर वर्षी ४ लाख रुपये देत. मुरगाव बंदर आणि तिथून घाटावर जाणारी रेल्वे याच करारातून आली. म्हणून १८८८ साली पेडण्याच्या आगरावर मुंबई सरकारच्या मीठखात्याचा माणूस उभा होता, तेही रीतसर. गोव्याचं मीठ स्वस्त, ते घाट चढून बेळगाव-धारवाडकडे जायचं. सरकारचा जीव त्यातच अडकलेला होता.

'नवा दर' म्हणजे काय तेही सांगतो. मिठावरचा कर १८८२ मध्ये मणाला २ रुपयांवर उतरवला होता, तो जानेवारी १८८८ मध्ये पुन्हा अडीच रुपये केला. शके १८०९ चा माघ म्हणजे नेमके तेच दिवस! मण म्हणजे साधारण ३७ किलो. तुमच्या पणजोबांचा महिन्याचा पगार तीन मण मिठाच्या करापेक्षाही कमी होता. रात्री एक मचवा खाडीतून गुपचूप सुटला तर त्यांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढा कर बुडायचा. पहाऱ्यावर चार माणसं असायला हवीत तिथे दोन, ती अर्धपोटी, आणि वरून झोपू नका हा हुकूम. चोरटं मीठ थांबवायची ही रीत मला आजही अन्यायाची वाटते.

आणखी एक. त्या काळात जकात, मीठ, अफू आणि अबकारी ही सगळी खाती मुंबई इलाख्यात एकाच कमिशनरच्या हाताखाली होती. त्यात १८८२ ते १८९४ दारू, मीठ, हत्यारं अशा मोजक्या जिनसा सोडल्या तर आयातीवर जकात जवळपास नव्हतीच. वेंगुर्ल्यासारख्या बंदरातल्या माणसाला मिठाकडे पाठवणं तेव्हा सहज होतं. त्यामुळे नुसतं 'मीठ' या नावाखाली शोधू नका, 'जकात'ही पाहा.

बोरूदौत

ताई, दप्तराबद्दल सांगते. मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे महसूल खात्याचे खंड पाहा. शिपायांची सरसकट यादी मिळेल अशी आशा धरू नका. त्यांची नावं कागदावर यायची ती काही घडलं तर : पेन्शन, नोकरीत असताना मृत्यू, शिक्षा, किंवा चोरटं मीठ पकडल्याचं बक्षीस. मला माझ्या आजोळच्या एका जमादाराचं नाव असंच दंडाच्या प्रकरणात सापडलं, तीन दिवस पानं उलटल्यावर. १८८७ ते १८९२ एवढीच वर्षं धरा. नाव सापडलं नाही तरी आगरवाड्याच्या नाक्याचा पत्रव्यवहार सापडला तर तोही उतरवून घ्या.

पणजीच्या पुराभिलेखागारातही जा. तिथले कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, वाचायला सोबत कोणी लागेल.

पेडणेकार

आगरवाड्याला अजून मीठ पिकतं. पूर्वीइतकं नाही, थोडीच कुटुंबं राहिली आहेत. या ताई, मी आगर दाखवतो. त्या करारानंतर लहान आगरवाल्यांचे फार हाल झाले, पिढीजात आगरं बंद पडली. खरं सांगू का, आमच्याकडे त्या पहारेकऱ्यांबद्दल चांगलं बोललं जात नाही. पण तापाने पडलेल्या दोघांचं काम उरलेल्या दोघांनी केलं, ही बाजू मी आज पहिल्यांदा वाचली.

सुरंगी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पेडणेकारदादा, दिवाळीनंतर येईन. तुमच्या गावाने काय सोसलं तेही मला ऐकायचं आहे. त्या आगरांवर माझाच पणजोबा उभा होता, तेव्हा ते ऐकणं माझं कामच आहे.

गलबतदादा, तुम्ही तारीख जुळवून दिलीत आणि 'नवा दर' या दोन शब्दांचा अर्थ एवढ्या वर्षांनी लागला.

आता दुसऱ्या कागदाबद्दल. तो पत्रासारखा नाही, आडव्या ओळींत आकडे आहेत आणि वर 'रवना' असा शब्द दिसतो. बाईंच्या मते माल नेण्याचा परवाना, म्हणजे रवन्ना. पण परवाना मालवाल्याकडे असायला हवा, शिपायाच्या पेटाऱ्यात कसा आला? मीठखात्याचा रवन्ना कोणी पाहिला असेल तर कृपया सांगा, त्याची एक प्रत नाक्यावर ठेवून घेत असत का? उद्या उजेडात फोटो काढून इथे लावते. खालचा कोपरा वाळवीने खाल्ला आहे, सही तिथेच होती.