टिल्ट मोटर बदलण्याआधी रिले आणि अर्थची तार तपासावी

टिल्ट मोटर होडीच्या मागे बसवलेले इंजिन वर-खाली करते. बटण दाबल्यावर नुसता ‘टक’ आवाज येतो आणि इंजिन वर उचलले जात नाही, यावरून ही मोटर जळाल्याचा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला घाईचा वाटतो. तो आवाज रिलेचा (बटणाच्या इशाऱ्यावर मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचा) असतो, म्हणजे बटणापासून रिलेपर्यंतचा मार्ग शाबूत आहे.

बहुतेक इंजिनांत वर आणि खाली या दिशांसाठी दोन रिले असतात. एकच दिशा बंद असेल आणि दोन्ही रिले सारखे असतील, तर त्यांची अदलाबदल करावी. दोषाची दिशा बदलली, तर मोटर निर्दोष आहे. दोन्ही दिशा बंद असतील, तर बटण दाबून धरलेले असतानाच मोटरच्या दोन तारांमधील व्होल्टेज मोजावे. बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसणे पुरेसे नाही, कारण गंजलेला जोड भार नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि भार येताच कोलमडतो. मालवणला आमच्या होडीवर हेच झाले होते. अर्थची तार (बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाणारी) आतून गंजून हिरवी पडली होती आणि ती बदलताच जुनीच मोटर चालू लागली. मोटरपर्यंत १२ व्होल्टच्या आसपास पोचूनही ती फिरत नसेल, तरच ती उघडून कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) पाहावेत.

मोटर फिरूनही इंजिन हलत नसेल, तर इंजिन उचलणाऱ्या यंत्रणेतील तेलाची पातळी आणि त्या तेलाचा दाब हाताने सोडायची झडप तपासावी. मात्र झडप सैल करण्यापूर्वी इंजिनाला भक्कम आधार द्यावाच, कारण ती सुटताच उचललेले इंजिन खाली येते.