'जय भीम'ची सुरुवात नक्की कुठून झाली?

कोराडीकर: मंडळी, एक शंका. आमच्या ऑफिसात दोघं रोज फोन उचलताना हॅलोऐवजी 'जय भीम' म्हणतात. हे आधी कोणी म्हणायला लागलं? बाबासाहेब असतानाच होतं की नंतर?

पिंपळपार: असतानाच. कामठीचे बाबू हरदास एल. एन. (नगराळे), श्रेय त्यांनाच देतात, १९३७ ला स्वतंत्र मजूर पक्षाकडून मध्यप्रांत-वऱ्हाडच्या असेंब्लीत निवडून आलेले, आणि १९३९ मध्ये गेलेसुद्धा, पस्तिशीतच. सांगतात की सलाम आलेकुम म्हटलं की समोरून वालेकुम सलाम येतो तसं आपलंही काहीतरी हवं म्हणून 'जय भीम' ला 'बल भीम' असं उत्तर ठरवलेलं, पण ते उत्तर काही टिकलं नाही, आता दोन्हीकडून जय भीमच.

भटका तात्या: याआधी काय म्हणायला लागायचं तेही बघा ना. 'जोहार मायबाप', तेही वाकून, लांबून. चोखोबांच्या अभंगात आहेच की. आमचे आजोबा जय भीम म्हणताना ताठ उभे राहायचे, हातात पिशव्या असल्या तर आधी खाली ठेवायचे आणि मग म्हणायचे, ते आत्ता कळतंय.

कोराडीकर: अरे वा, कामठी तर आमच्या शेजारीच आणि मला पत्ताच नाही 😅 'जय हिंद'चं पण असंच काही आहे का?

पिंपळपार: ते आझाद हिंदवाल्या आबिद हसन यांचं म्हणतात. त्यासाठी वेगळा धागा काढ बाबा.