नवीन जग आधी लिहून काढायचं की खेळता खेळता घडू द्यायचं?

बोकडवाला

मागच्या पावसाळ्यात आमच्या शनिवारच्या रोल-प्लेइंग ग्रुपसाठी (एक जण गोष्ट आणि जग सांभाळतो तो डीएम, बाकीचे त्यातली पात्रं होऊन खेळतात) मी नवीन फँटसी जग लिहायला घेतलं. चार महिने लागले. दोन चंद्र, सात राजघराणी, नऊशे वर्षांची वंशावळ, समुद्राचा प्रवाह इकडून म्हणून वारा तिकडून म्हणून वाळवंट अमुक ठिकाणी, सगळं. आधी वही भरली मग गूगल डॉक भरला. आणि पहिल्या सेशनला पाचही जण एका खानावळीत शिरले ते तीन तास मालकिणीचा हरवलेला बोकड शोधत बसले. बोकड माझ्या नोट्समध्ये नव्हताच, कोणीतरी नाव विचारलं म्हणून बाळ्या सांगून टाकलं. आज अकरा सेशन झाली, सातपैकी एका राजघराण्याचं नाव विचारा, कोणाला येणार नाही. बाळ्या मात्र सगळ्यांना पाठ.

तर माझं मत असं की खेळ सुरू व्हायच्या आधी एका गावापलीकडे काही लिहिणं म्हणजे डीएमने स्वतःचेच लाड करून घेणं. कादंबरी लिहायचीय तर कादंबरी लिहा ना. १९७४ ला गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसनने डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी), म्हणजे या प्रकारचा पहिला मोठा खेळ, आणलं, त्यांनी तरी वेगळं काय केलं? अर्नेसनचं ब्लॅकमूर हे जग एका किल्ल्यापासून आणि त्याच्या खालच्या भुयारांपासून वाढलं. गायगॅक्सच्या ग्रेहॉकचंही तेच, आधी तळघर मग शहर, आणि अख्ख्या जगाचा नकाशा छापून आला तो थेट १९८० ला.

वहीवाली

साफ नामंजूर. तू सोयीची दोन उदाहरणं उचललीस. एड ग्रीनवुडने फरगॉटन रेल्म्स रंगवायला घेतलं तेव्हा तो शाळकरी पोरगा होता आणि हा खेळ जन्मालाही आला नव्हता, गोष्टी लिहायचा नुसता. ते जग खेळासाठी छापलं गेलं १९८७ ला, म्हणजे वीसेक वर्षं मुरलेलं लोणचं. ग्रेग स्टॅफर्डचं ग्लोरांथा हे जग १९६६ पासूनचं, त्यावरचा रूनक्वेस्ट हा खेळ आला १९७८ ला. आणि एम. ए. आर. बार्कर तर मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाचा प्राध्यापक, त्याने टेकुमेल नावाच्या जगासाठी व्याकरणासकट भाषा बनवली, लिपी बनवली, आणि त्यावरचा खेळ १९७५ लाच बाजारात होता. ही जगं अजून खेळली जातात, का, तर खेळाडू कुठल्याही दारावर टकटक करू दे, आत काहीतरी असतं.

तुझी राजघराणी कोणाला आठवत नाहीत याचं कारण तू जास्त लिहिलंस हे नाही. त्यांचा बाळ्याशी काही संबंधच नव्हता. बोकडावर जकात कोण घेतं, बळी कोणत्या देवीला जातो, खानावळवाली त्या घराण्याला घाबरते की शिव्या घालते? हे लिहिलं असतंस तर तीन तासांत दोन घराणी तरी पाठ झाली असती. वारा कुठून येतो हे खानावळीत बसून कोण विचारणारे?

तीनदाएक

+१ बोकडवाला. आणि डी अँड डीचं एबरॉन हे जग विसरू नका लोकहो. २००२ ला डी अँड डी छापणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने नवीन जग हवंय म्हणून स्पर्धा काढली, अकरा हजारांच्या वर एंट्र्या, आणि पहिली फेरी फक्त एका पानाची. कीथ बेकर जिंकला, २००४ ला पुस्तक आलं. जग एका पानात पकडत नसेल तर शंभर पानांत काय पकडणार.

वहीवाली

अरे पण त्यात पुढच्या फेऱ्या होत्या, आणि निवडलेल्यांकडून मोठ्ठा दस्तऐवज लिहून घेतला होता. एक पान ही जाहिरात झाली.

घाटवाट

तुम्ही दोघं आधी की नंतर यावरच भांडताय. माझा प्रश्न, ती खानावळ कुठली होती? म्हणजे लाकडी बाकडी, शेकोटी, बिअरचे मग असलीच ना? जन्म गेला वरणभातावर आणि आपल्या जगात सगळे स्ट्यू खातात.

मी नाणेघाटावरून जग बनवलं. वर पठार, खाली किनारा, मधे एक अरुंद खिंड. प्रत्यक्षातही तसंच होतं, सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल त्या घाटाने जुन्नरला चढायचा, पैठण-तेरचं कापड खाली उतरायचं, आणि माथ्यावर तो दगडी रांजण अजून आहे ज्यात जकातीची नाणी टाकायचे असं सांगतात. मी एवढंच धरलं. वरच्यांकडे मीठ नाही, खालच्यांकडे कापड नाही, आणि रांजण ज्याच्या ताब्यात तो राजा. दोन पानं झाली. त्यावर दीड वर्ष कॅम्पेन, म्हणजे सलग एकच गोष्ट, चाललंय. एकदा पोरांनी रांजणच पळवायचा प्लॅन केला, केवढा जड असेल यावर चाळीस मिनिटं वाद!

अर्धीपुणेरी

छान आहे हो दादा, पण भीती वाटते. 'आपलं' जग म्हटलं की पुढच्या पानावर पगड्या, भवानी तलवार आणि प्रत्येक खलनायक खान. आणि देवांचं काय करणार? आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या घरी देवघरात खंडोबाचा टाक आहे, त्या खंडोबाला मी हिट पॉइंट्स (किती मार खाल्ला की मरतो तो आकडा) देऊ? १९८० ला डी अँड डी वाल्यांनी देवदेवतांचं पुस्तक काढलं, त्यात आपल्या देवांनाही आकडे लावून ठेवलेत. त्याआधी १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला राक्षस बघा, वाघाचं डोकं, अंगात भारी झगा आणि हातात पाइप, आणि मरतो कशाने तर मंतरलेल्या क्रॉसबोच्या बाणाने. आजीला दाखवलं तर ती म्हणाली हा तर कोणीतरी रिटायर्ड साहेब दिसतोय.

म्हणून मी म्हणते खरी जागा घ्यायचीच नाही, पूर्ण बनावट जग बरं. कोणाचं दुखत नाही.

घाटवाट

खंडोबाला हात लावायचाच नाही ना ताई, कोणी सांगितलंय. वेशीवर शेंदूर फासलेला एक दगड ठेवा, नाव नसलेला, आणि गावातला प्रत्येक जण त्याची वेगळी गोष्ट सांगतो. शिवाय जमतं लोकांना. मिमी मोंडलने २०२२ च्या अधिकृत डी अँड डी पुस्तकात बंगालच्या नद्यांवरून शंखभूमी नावाचा मुलूख लिहिला, तिथला पूर आणि चिखल खरा वाटतो, त्यासाठी कुठल्या देवाचे हिट पॉइंट्स लागले नाहीत.

एनजेकर

इकडे न्यू जर्सीत आम्ही तिसराच उद्योग केला. मायक्रोस्कोप म्हणून बेन रॉबिन्सचा खेळ आहे, त्यात डीएम नसतो, सगळे मिळून जगाचा इतिहास बनवतात, कोणीही काळात मागेपुढे उडी मारायची. म्हटलं जग यातून काढू आणि मग त्यात नेहमीचा खेळ खेळू. पाच मराठी माणसं. पहिल्या तासात तीन साम्राज्यं बुडाली, दुसऱ्या तासात दोघं बोलेनासे झाले कारण एकाच्या शहरावर दुसऱ्याने उल्का पाडली. पण खरं सांगतो, नंतरच्या कॅम्पेनमध्ये त्या उल्केच्या खड्ड्याचं नाव कोणालाही वहीत बघावं लागलं नाही.

तीनदाएक

आमच्याकडे जग बनवायला प्लेअर्सच्या हातात दिलं तर पाचही जण ड्रॅगनचा गुप्त वारस निघाले. एका ड्रॅगनचे.

वहीवाली

😂 बिचारा ड्रॅगन. बरं, बोकडवाला, पळू नकोस. बाळ्यावर जकात कोणाची ते सांग.

बोकडवाला

सहाव्या घराण्याची. खानावळवालीने दोन वर्षं भरली नाही म्हणून त्यांनी उचलून नेलाय.

वहीवाली

हे वहीत होतं की आत्ता ठरवलंस?

बोकडवाला

घराणं वहीत होतं. जकात आत्ता. शनिवारपर्यंत ग्रुपमधल्या कोणी हा धागा वाचू नका प्लीज.