हेलियमचा शोध लॉकियरचा नव्हे, रॅम्सेचा

परीक्षानळी
१८ ऑगस्ट जवळ आला की 'हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला' असे संदेश फिरू लागतात. किल्ल्यावर त्या दिवशी हेलियम दिनही साजरा होतो. यातली तारखेची चूक आधी सांगते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी, ज्याच्या नावावर हा शोध सांगतात तो इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर इंग्लंडात होता. भारतात वर्णपटदर्शक (प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारं उपकरण) लावून बसलेले होते ते जान्सेन आणि टेनंट गुंटूरला, पॉगसन मच्छलीपट्टणला, लेफ्टनंट हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीला. जिच्यावरून हेलियमची कल्पना पुढे आली, ती सौरज्वालांच्या वर्णपटातली पिवळी रेषा लॉकियरने पाहिली २० ऑक्टोबरला, लंडनहून, ग्रहण नसताना. विजयदुर्गावर तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला.

पण माझं खरं म्हणणं पुढचं आहे. प्रत्येक मूलद्रव्याच्या वर्णपटात त्याच्या ठरावीक रेषा असतात, पण नुसती रेषा दिसली म्हणजे मूलद्रव्य सापडलं असं रसायनशास्त्रात धरता येत नाही. मार्च १८९५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम रॅम्सेने क्लेव्हाइट हे युरेनियमचं खनिज आम्लात घालून वायू काढला. तो शोधत होता आरगॉन. नको असलेले वायू काढून टाकून उरलेला वायू नळीत भरला, विद्युतप्रवाह सोडला आणि पिवळी रेषा चमकली, सोडियमच्या पिवळ्या रेषांच्या जागेपासून जरा बाजूला. विल्यम क्रुक्सने मोजून सांगितलं, ही सूर्यातलीच. तोवर हेलियम हा एक तर्क होता. शोधाचं श्रेय रॅम्सेलाच द्यायला हवं.

ध्रुवमत्स्य
अजिबात पटलं नाही. क्रुक्सने ओळखलं ते कशाच्या आधारावर? लॉकियरच्या डी-३ रेषेच्याच, म्हणजे त्या पिवळ्या रेषेच्याच ना! सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, ही ५८७.५ ला. पहिल्यांदा बहुतेकांना ती सोडियमचीच वाटली होती. लॉकियरने एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन प्रयोगशाळेत हायड्रोजनवर वेगवेगळे दाब देऊन पाहिले, ही रेषा काही निघेना. मगच नव्या मूलद्रव्याची गोष्ट पुढे आली. १८७१ मध्ये एडिंबरोला ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या अध्यक्षीय भाषणात विल्यम थॉमसन यांनी ती सर्वांसमोर मांडली. इतका अभ्यास केलेल्या माणसाला 'तर्क केला' म्हणून बाजूला सारायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

परीक्षानळी
@ध्रुवमत्स्य, अभ्यास होता, मान्य. पण कोरोनियमचं काय? १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलात हिरवी रेषा दिसली. तीही कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याची नव्हती, तिलाही नाव मिळालं, आणि कित्येक दशकं कोरोनियम हे मूलद्रव्य म्हणून वावरलं. शेवटी ती निघाली तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. तेजोमेघांतल्या हिरव्या रेषांवरून नेब्युलियम मानलं गेलं, १९२७ मध्ये बोवेनने दाखवलं की तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन आहे. म्हणजे तीच पद्धत, तेच नामकरण, आणि तीनपैकी दोन खोटी.

आवर्तसारणी
बुन्सेन आणि किर्कहॉफ यांचं उदाहरण इथे हवंच. १८६० मध्ये त्यांना सीझियमच्या निळ्या रेषा दिसल्या, पण तेवढ्यावर बुन्सेन थांबला नाही. जर्मनीतल्या ड्युर्कहाइमच्या झऱ्याचं सुमारे ४४ हजार लिटर पाणी आटवून त्याने सीझियमचे क्षार हाती घेतले. रेषेवर विश्वास होता तरी एवढा खटाटोप केला. मला तो माणूस फार आवडतो.

आणि रॅम्सेचं एकट्याचं नाव घेताना स्वीडनमधल्या उप्सालाच्या क्लेव्ह आणि लँगलेट या रसायनशास्त्रज्ञांना विसरू नका. त्यांनी त्याच वर्षी, स्वतंत्रपणे, क्लेव्हाइटमधून हा वायू काढला आणि त्याचा अणुभार मोजला.

खाडीकाठ
मी विजयदुर्गाच्या बाजूचा. आमच्याकडे किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' आहेत, लॉकियरच्या दुर्बिणींसाठी बांधलेले. तुम्ही सगळे तारीख दुरुस्त करून मोकळे होता आणि ऐकणाऱ्याला वाटतं, तिथे काहीच घडलं नाही. १८९८ ची मोहीम मोठी होती. त्याच ग्रहणाला पुण्याचे कावसजी नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला आपली उपकरणं घेऊन गेले होते, हे किती जणांना ठाऊक आहे? हेलियम दिन होऊ द्या. निमित्ताने शाळेतली मुलं वर्णपट बघतात. फलकावर १८९८ लिहा आणि नायगमवालांचंही नाव लिहा.

परीक्षानळी
@खाडीकाठ, नायगमवालांबद्दल पूर्ण सहमत. फक्त त्या फलकावर 'शोध इथे लागला' हे वाक्य नको. १८९८ पर्यंत हेलियम प्रयोगशाळेत येऊन तीन वर्षं झाली होती.

ध्रुवमत्स्य
@परीक्षानळी, वायू हातात असणं हाच तुमचा निकष असेल तर रॅम्सेही मागे पडतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या हिलेब्रँडने १८९० च्या सुमारास युरेनिनाइट हे युरेनियमचं खनिज आम्लात घालून हाच वायू काढला होता. त्याला तो नायट्रोजन वाटला. हिलेब्रँडच्या त्या कामाची माहिती ब्रिटिश म्युझियमच्या मायर्सने कळवली म्हणून तर रॅम्से या खनिजांकडे वळला. मग द्या श्रेय हिलेब्रँडला! नाही देणार, कारण त्याने ओळखलं नाही. म्हणजे ओळख महत्त्वाची, आणि ओळख पटवणारी खूण लॉकियरने २७ वर्षं आधी दिली होती.

परीक्षानळी
हिलेब्रँडचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो माझ्या निकषाला छेद देत नाही. वायू हातात हवा आणि तो कोणता हेही कळायला हवं, दोन्ही एकत्र. हिलेब्रँडकडे वायू होता, ओळख नव्हती. लॉकियरकडे खूण होती, वायू नव्हता. १८९४ च्या अखेरीस कुणी विचारलं असतं की सूर्यातली पिवळी रेषा खऱ्या मूलद्रव्याची की हिरवी, तर लॉकियरकडे सांगण्यासारखं काय होतं? दोन्ही बाजूंना पुरावा सारखाच होता. रॅम्सेच्या नळीने पिवळीचा निकाल लावला, हिरवीचा लागायला १९४० च्या आसपासचा काळ उजाडला.