वॉल्टचा वाल्मिकी झाला का? ‘ब्रेकिंग बॅड’चा शेवट : अनुभव धागा

उंबरठा (धागाकर्ता)

‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन मालिकेचा बासष्टावा आणि शेवटचा भाग ‘फेलिना’ २९ सप्टेंबर २०१३ ला दाखवला गेला. लेखन-दिग्दर्शन दोन्ही विन्स गिलिगनचं. कथा अशी, की कर्करोग झालेला रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट ‘कुटुंबासाठी’ म्हणून अमली पदार्थ बनवायला लागतो आणि गुन्हेगार होत जातो. इतकी वर्षं झाली तरी भांडण मिटत नाही. एक बाजू म्हणते, मरता मरता माणूस शुद्धीवर आला. दुसरी म्हणते, कसली शुद्धी, सगळं मनासारखं करून गेला की.

या धाग्यावर पटकथा लिहिणारे, संकलक, सीए, वकील, रसायनशास्त्र शिकवणारे असे सगळे आहेत, म्हणून मुद्दाम विचारतोय. वॉल्टर व्हाइटचं पापक्षालन पटतं का, आणि नेमकं कुठल्या दृश्यात, कुठल्या वस्तूमुळे पटतं किंवा फसतं? आपापल्या कामाच्या अनुभवातून सांगा. ‘मला रडू आलं’, ‘आमच्या हॉस्टेलवर रात्रभर’ वगैरे नको. शेवट उघड होणारच आहे, तेव्हा पाहिलं नसेल त्यांनी इथूनच परत फिरा.

दुसरा ड्राफ्ट

कुठलाही शेवट तपासायची माझी रीत सरळ आहे. कागदावर उभी रेघ मारायची. डावीकडे ज्यांचं ज्यांचं वाटोळं केलं ती नावं, उजवीकडे शेवटच्या भागात त्यांच्या पदरात काय पडलं ते.

वॉल्टसाठी डावी बाजू लिहा. जेन (जेसीची मैत्रीण, डोळ्यांदेखत मरू दिली), ब्रॉक (लहान पोराला विष), गेल आणि माइक (धंद्यातले साथीदार), मोटरसायकलवरचा मुलगा ड्रू शार्प, हँक आणि गोमेझ (साडू आणि त्याचा जोडीदार, दोघे अमली पदार्थविरोधी अधिकारी), बायको स्कायलर, मुलगा फ्लिन, आणि माल बनवण्यातला साथीदार जेसी. आता उजवी बाजू. पहिल्या पाचांपुढे शून्य. ‘फेलिना’त जेन आणि ब्रॉकची नावं वॉल्टच्या तोंडून एकदाही येत नाहीत. हँक-गोमेझच्या बायकांना मृतदेहांचा ठावठिकाणा मिळतो. स्कायलरला खरं बोलणं मिळतं. फ्लिनला पैसा मिळणार, तोही फसवून. जेसीला टोळीच्या कैदेतून सुटका.

म्हणजे नऊ ओळींपैकी चार भरल्या, त्यातल्या दोनच धड. याला पापक्षालन म्हणणं अवघड आहे. निवडक उधारी फेडणं म्हणू. वाण्याचं दिलं, दूधवाल्याचं राहिलं.

माझा खरा आक्षेप मात्र सुरुवातीच्या दृश्यावर. वॉल्ट लपून बसला होता ते न्यू हॅम्पशायर, बर्फाखाली गाडलेली दुसऱ्याची गाडी, बाहेर पोलिसांचे दिवे. वॉल्ट पुटपुटतो, मला फक्त घरी पोचव, बाकीचं मी बघतो. आधी स्क्रूड्रायव्हरने खटपट करून झालेली असते. मग वरची झडप खाली करतो आणि किल्ली हातात पडते. योगायोगाने नायक अडचणीत सापडला तर प्रेक्षक मान्य करतो. योगायोगाने सुटला की तो उधारीवर जातो आणि ती उधारी पुढे फेडावी लागते. इथे फेडलेली नाही. देव पावला तो पावलाच, शेवटपर्यंत एकही बेत हुकत नाही. पापी माणसाला इतकं साथ देणारं नशीब मिळालं की त्याचा पश्चात्ताप स्वस्त वाटायला लागतो.

कावळा-फांदी

एक बेत हुकतो की. शेवटी जॅकच्या टोळीच्या क्लबहाउसमध्ये त्याच्या किल्ल्या काढून घेतात आणि पूल टेबलावर टाकतात. डिकीत लपवलेल्या तोफेचं, म्हणजे मशीनगनचं, बटण त्याच किल्लीवर. ती परत हातात येईपर्यंत सगळा खेळ तिच्यावर अडलेला असतो. बाकी तुमची यादी पटली.

सात-बासष्ट

तोफेवरून आठवलं, ती एम-६० आहे. ७.६२ मिमीची काडतुसं, पट्ट्यावर चालणारी, वजन साडेदहा किलोच्या आसपास, मिनिटाला साधारण ५०० ते ६५० फैरी. ५५० धरा. २०० काडतुसांचा पट्टा २२ सेकंदांत संपतो. पडद्यावरचा गोळीबार भरपूर लांबतो, पण मोठा पट्टा असेल तर तेही चालून जाईल.

जुळणी काय आहे ते पाहा. गॅरेजचं दार उघडणाऱ्या मोटरचा दांडा, त्यावर बंदूक, दांडा डावी-उजवीकडे झुलतो. नेम नाहीच, फक्त झाडू मारल्यासारखं. म्हणून दोन गोष्टी आधी जमायला हव्यात. गाडी भिंतीला समांतर उभी हवी (पहारेकरी सरळ लाव म्हणतो, हा मुद्दाम आडवी लावतो) आणि बंदुकीची उंची उभ्या माणसाच्या कमरेएवढी हवी. डिकीची उंची बरोबर तेवढीच. त्यामुळे जो जमिनीवर तो वाचतो. प्रत्यक्षात अशी बंदूक धक्क्याने दांडा हलवत राहील, पट्टा अडकेल आणि तापलेली नळी बदलल्याशिवाय फार वेळ चालणार नाही.

पण धाग्याच्या प्रश्नाला महत्त्वाचं वेगळंच आहे. ही बंदूक पाचव्या सीझनच्या पहिल्याच दृश्यात, जुलै २०१२ मध्ये, दाखवून झाली होती. ती कुणावर चालणार हे तेव्हा लिहिणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं, गिलिगनने ते स्वतः सांगितलंय. आधी बंदूक, मग तिला साजेसे शत्रू. जॅक आणि त्याची नाझी टोळी इतकी सरसकट वाईट का, याचं उत्तर मला तिथे दिसतं. समोर कुणी थोडासा जरी माणूस असता तर बावीस सेकंदांचा झाडू मारून वॉल्ट आपल्याला बरा वाटला नसता.

एरंडेल

विषाबद्दल थोडक्यात. रायसिन हे एरंडाच्या बियांतलं प्रथिन. पोटात गेलं की काही तासांनी त्रास सुरू होतो, मृत्यू यायला दोन-तीन दिवस लागू शकतात. वॉल्ट ते धंद्यातल्या लिडियाला चहातून देतो आणि ती भागाच्या शेवटी सर्दी-तापासारखी आजारी दिसते, ते बरोबर. खटकतं ते एवढंच, की प्रथिनं उष्णतेने बिघडतात आणि ते कॅमोमाइलच्या गरम चहात पडतं. शिवाय स्टीव्हियाची सीलबंद पुडी फोडून परत बंद कशी केली हेही दाखवलेलं नाही. या दृश्याचा खरा आधार सवय आहे. तेच टेबल, तीच वेळ, तोच चहा, तीच एक पुडी.

रायसिनची कल्पना दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात येते. त्याच भागात वॉल्ट मोठ्याने हिशेब करतो की घरच्यांना ७,३७,००० डॉलर पुरतील. दोन्ही पेरण्या एकाच ठिकाणी, एक उगवली विषात, दुसरी पैशात. पैशाचं सीए लोकांनी बोलावं.

तेरीज

बोलतो. वॉल्टचे जुने धंदाभागीदार ग्रेचेन आणि इलियट या जोडप्याच्या टेबलावर वॉल्ट रचतो ती रक्कम ९७.२ लाख डॉलर, म्हणजे मूळ ७,३७,००० च्या तेरापट. सगळ्या शंभराच्या नोटा धरल्या तर ९७,२०० नोटा, अमेरिकन नोट एक ग्रॅमची, म्हणजे ९७ किलो. विसाच्या असत्या तर ४८६ किलो. तिघांनी गाडीतून आणून रचणं शंभराच्या नोटांतच जमतं.

अट अशी की फ्लिन अठरा वर्षांचा झाला की, दहा महिन्यांनी, ही रक्कम रद्द न करता येणाऱ्या ट्रस्टमधून त्याला द्यायची. देणगी म्हणून, शुद्ध उपकार म्हणून. कर आणि वकिलाची फी याच पैशातून जायची, त्यांनी पदरचं एक सेंटही घालायचं नाही. आकडे चोख आहेत, रस्ता चोख नाही. अमेरिकेत दहा हजार डॉलरवर रोख भरली की बँक सरकारला कळवते. इथे तर रोख एका जागी क्विंटलभर. ती आपल्या वैध पैशात मिसळायची तर कागद रंगवावे लागणार, आणि हा अमली पदार्थांचा पैसा आहे हे माहीत असताना रंगवणं हा स्वतंत्र गुन्हा. पकडले गेले तर ट्रस्टही जप्त आणि नवरा-बायकोही आत. वॉल्टने पोराचं भविष्य ज्या दोघांवर सोपवलं, त्यांना त्याच क्षणी गुन्हेगार करून ठेवलं. आणि धाक कशाचा, तर झुडपात बसलेल्या बॅजर आणि स्किनी पीट या जेसीच्या दोस्तांच्या हातांतल्या, मारेकऱ्यांच्या बंदुकांचा नेम वाटावा अशा दोन लेझर पॉइंटरांचा.

याहून मोठी गोष्ट आधीच्या भागात आहे. फ्लिनला एक लाख डॉलर पाठवायला वॉल्ट बारमधून फोन करतो आणि पोरगा स्वच्छ नकार देतो, एकदाचा मर म्हणतो. नाही म्हणालेल्या मुलाच्या गळ्यात तेच पैसे नाव बदलून घालायचे, हे वडिलांचं प्रेम असेल, पश्चात्ताप खासच नव्हे. पश्चात्तापात समोरच्याचा नकार मोजावा लागतो.

कट-टू

तेरीजदादांशी सहमत, पण एका दृश्याला मी पूर्ण गुण देईन. स्कायलरच्या स्वयंपाकघरातलं.

बांधणी पाहा. ती बहीण मारीशी फोनवर बोलतेय, मारी सांगतेय की वॉल्ट गावात आलाय, सावध राहा. स्कायलर फोन ठेवते, पाच मिनिटं म्हणते. कॅमेरा हळू आत सरकतो आणि खांबाआड इतका वेळ उभा असलेला वॉल्ट दिसतो. कट नाही. कट घेतला असता तर ‘अरे, हा इथे!’ असा धक्का बसला असता. सरकत्या कॅमेऱ्यामुळे कळतं की तो पहिल्यापासून घरात होता, आपल्यालाच दिसत नव्हता. पाच सीझन त्या कुटुंबात हेच चाललं होतं.

मग ती म्हणते, कुटुंबासाठी केलं हे आणखी एकदा ऐकवू नकोस. आणि तो म्हणतो की स्वतःसाठी केलं, आवडत होतं, त्यात हातखंडा होता, जिवंत असल्यासारखं वाटत होतं. या कबुलीला बदल्यात काही मिळत नाही. माफी मागत नाही, ती देतही नाही. पाळण्यातल्या लेकीला, होलीला, एकदा बघू देते, बस. त्यानंतर फ्लिन शाळेतून येताना तो लांबून काचेआडून बघतो, भेटत नाही.

मात्र शेवटचा शॉट हे सगळं वाया घालवतो, असं माझं मत. जेसी गेल्यावर गोळी लागलेला वॉल्ट चालत जातो कुठे, तर प्रयोगशाळेत. उपकरणांवरून हात फिरवतो, स्टीलच्या टाकीवर रक्ताळलेला पंजा उमटतो, बॅडफिंगर या बँडचं ‘बेबी ब्ल्यू’ गाणं वाजतं, कॅमेरा वर जातो. संकलनात शेवटची नजर कुणाकडे जाते त्यावर पात्राचा निकाल लागतो. ती बायकोकडे, मुलांकडे, जेसीकडे जात नाही. टाकीकडे जाते.

दुसरा ड्राफ्ट

वाया कसा? कबुली ‘मला आवडत होतं’ अशी आहे. मग मरायला तो आवडीच्या जागीच जाणार. दोन्ही दृश्यं एकमेकांना धरून आहेत, म्हणून तर शेवट पटतो. पटतो, पण पापक्षालन म्हणून नव्हे.

वकालतनामा

लॉटरीच्या तिकिटाबद्दल कुणी लिहिलं नाही. त्यावरचे आकडे म्हणजे वाळवंटात पैसे पुरले त्या जागेचे अक्षांश-रेखांश, आणि आता तिथेच हँक-गोमेझ पुरलेले आहेत. वॉल्ट ते स्कायलरला देतो ते दुःख हलकं करायला नाही. सरकारी वकिलाशी सौदा करायला देतो. आरोपीच्या बायकोच्या हाती देण्याजोगी तेवढीच एक गोष्ट उरलेली. अख्ख्या भागातलं सगळ्यात कामाचं आणि सगळ्यात कमी गाजावाजा झालेलं दान ते.

आता तुलना करायचीच तर घरातल्याच दुसऱ्या शेवटाशी करा. वॉल्टचा वकील सॉल याच्यावरच्या ‘बेटर कॉल सॉल’ मालिकेचा शेवटचा भाग, १५ ऑगस्ट २०२२, लेखन-दिग्दर्शन पीटर गूल्ड. सॉलवर जन्मठेप अधिक १९० वर्षांची टांगती तलवार. तो सौदा करून ती साडेसात वर्षांवर आणतो, वर दर शुक्रवारी मिंट चॉकलेट चिप आइस्क्रीमही मागतो. मग पूर्वीची बायको किम हिने आधीच सगळं कबूल केलंय हे कळतं, आणि कोर्टात उभा राहून तो स्वतःचा सौदा स्वतःच मोडतो. वॉल्टच्या धंद्यातला आपला वाटा सांगतो, भाऊ चकबद्दल सांगतो, स्वतःला जेम्स मॅकगिल म्हणवून घेतो. शिक्षा ८६ वर्षं. साडेसात आणि ८६ मधला फरक साडेअठ्ठ्याहत्तर वर्षांचा. कबुलीची किंमत इतकी मोजून दाखवणारा दुसरा शेवट चटकन आठवत नाही. वॉल्ट तर तसाही कर्करोगाने काही दिवसांत जाणारच होता. मरणाऱ्याने जीव दिला तर वजाबाकीत फारसं काही पडत नाही.

तिसरी घंटा

‘द शील्ड’ ही पोलिसांवरची मालिका विसरू नका. नोव्हेंबर २००८. भ्रष्ट पोलीस व्हिक मॅकी सगळे गुन्हे कबूल करतो, पण आधी माफीचा करार पदरात पाडून. कबुली पूर्ण, पश्चात्ताप शून्य. शिक्षा काय, तर टाय लावून टेबल-खुर्चीवर बसायचं आणि अहवाल टाइप करायचे. नुसत्या कबुलीने काही होत नाही, याचा तो नमुना. ‘सोप्रानोज’ या माफियावरच्या मालिकेने २००७ मध्ये पडदा काळा करून प्रश्नच घेतला नाही, तेही प्रामाणिक.

टाळ-चिपळी

शीर्षकात वाल्या आणलात म्हणून लिहितो. कीर्तनात सांगतात तो वाल्या कोळी दर खुनामागे एक खडा रांजणात टाकायचा, असे सात रांजण भरले. वॉल्टने वाळवंटात पुरलेली पैशांची पिंपंही सातच. योगायोग आहे, पण काय योगायोग! त्या सातांपैकी जॅक सहा घेऊन जातो, एक याच्यासाठी सोडतो.

वाल्याच्या कथेत कळीची जागा नारदाचा प्रश्न आहे: घरच्यांना विचारून ये, या पापात वाटेकरी होतात का? बायको-मुलं नाही म्हणतात आणि तिथे वाल्याचा कणा मोडतो. वॉल्टलाही फोनवर मुलाचा नकार मिळतो. हुबेहूब तेच वळण. नकारानंतर तो अमली पदार्थविरोधी खात्याला फोन लावून रिसीव्हर लोंबकळता सोडतो, म्हणजे क्षणभर मोडतोच. पण तेवढ्यात बारच्या टीव्हीवर ग्रेचेन-इलियट त्याचं योगदान नाकारताना दिसतात, आणि तो उठतो. वाल्या ‘मरा मरा’ म्हणत बसला, अंगावर वारूळ चढलं. हा बसला नाही. याला उठवलं अपमानाने.

उंबरठा

मग जेसीला जमिनीवर पाडून त्याच्यावर पडणं, ते कुठे बसवायचं? वॉल्ट तिथे जाताना जेसीलाही मारायच्याच बेताने गेलेला असतो. त्याच्याच कृतीचा निळा माल अजून बाजारात आहे म्हणजे जेसी जॅकचा भागीदार झाला, असं त्याने धरलेलं.

दुसरा ड्राफ्ट

तिथेच. साखळदंडातला जेसी समोर येतो आणि बेत बदलतो, संवाद न घालता. मारामारीचं नाटक करून त्याला खाली पाडतो, बटण दाबतो, स्वतः गोळी खातो. भागातला एकमेव निर्णय जो आधी ठरलेला नव्हता. मग पिस्तूल जेसीकडे सरकवतो, आणि जेसी म्हणतो, तुला हे हवंय असं तोंडाने म्हण. वॉल्ट म्हणतो. तर तूच कर म्हणून जेसी पिस्तूल टाकून निघून जातो. माझ्या कागदावर जेसीच्या ओळीपुढे मी सुटका लिहिली होती. तिथे ‘नकार’ही लिहायला हवा होता, तो त्याने स्वतः घेतलाय.

कट-टू

घड्याळ राहिलं. जेसीने एक्कावन्नाव्या वाढदिवसाला दिलेलं टॅग ह्युअर वॉल्ट पेट्रोल पंपावरच्या फोनच्या डब्यावर काढून ठेवतो. पाचव्या सीझनच्या सुरुवातीला, नाश्त्याच्या दृश्यात, त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हतं, मग ते कुठेतरी उतरवणं भाग होतं. सलगतेची चूक झाकायला घेतलेला शॉट. लोक त्यात जेसीचा निरोप वाचतात.

एरंडेल

वाचू दे. मनगट मोकळं होतं, हे तर खरं.